टँकरच्या नोंदी ॲपमधून गायब होतायत. गेट, पोस्ट, पुट कळणारं कोणी आहे का इथे?

घोडबंदर_रहिवासी · शनिवार रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, चार विंग, उन्हाळ्यात टँकरशिवाय गत्यंतर नाही हे इकडच्यांना वेगळं सांगायला नको. यंदा मी सचिव झालो, म्हणजे केलं मला, जनरल बॉडीला उशिरा पोचलो तोवर ठरून गेलं होतं. तर टँकरचा हिशोब फोनवर ठेवू म्हणून माझ्या भाच्याने एक छोटं वेब ॲप करून दिलं. टँकर आला की वॉचमन काका गाडी नंबर आणि वेळ टाकतात, आणि ऑफिसात मॅनेजर चलन (टँकरवाल्याची पावती) बघून त्या नोंदीवर 'तपासलं' अशी खूण करतात. भाचा आता पुण्यात नोकरीला, फोन उचलला तर "मामा, वीकेंडला बघतो".

मे महिन्याचं बिल आलं ६३ टँकरचं. ॲपमध्ये दिसतायत ६१. खजिनदार म्हणतात दोन टँकरचे पैसे कापा, टँकरवाला म्हणतो चलनं मोजा, आणि कमिटीतले एक जण सरळ म्हणाले की वॉचमन आणि ड्रायव्हर आतून मिळालेले आहेत. काका ९ वर्षं आहेत आमच्याकडे. त्यांनी खिशातली डायरी काढून दाखवली, त्यात ६३. त्यावर उत्तर काय, तर "डायरी काय कधीही लिहिता येते".

भाच्याने फोनवर एवढंच सांगितलं की गेटवरून पोस्ट जातं, ऑफिसात आधी गेट होतं मग पुट जातं, सगळा डेटा एका जेसन फाईलमध्ये (म्हणे साध्या मजकुरातली यादी) आहे. मी अकाउंट्सवाला माणूस, मला गेट म्हणजे सोसायटीचं गेट एवढंच माहीत. कोणी समजावेल का?

पारसिक_बोगदा · शनिवार रात्री ११:२०

कागदी वही परत आणा. धागा समाप्त.

नेरुळ_पूर्व · शनिवार रात्री ११:३१

टँकर म्हणजे काय असतं हो? आमच्याकडे नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे, त्यामुळे माहीत नाही 😛

घोडबंदर_रहिवासी · शनिवार रात्री ११:३३

नेरुळकर, मीठ चोळायला बरे वेळेवर आलात.

कळवा_स्लो · शनिवार रात्री ११:५८

सचिवसाहेब, आधी ते ६३ आणि ६१ डोक्यातून काढा. फरक दोनाचाच आहे हे कशावरून? काकांची डायरी आणि ॲपमधली यादी शेजारी ठेवा आणि गाडी नंबर, वेळ अशी एकेक ओळ जुळवा, एकूण बेरीज जुळवू नका, तुम्ही अकाउंट्सवाले आहात तुम्हाला हे मी सांगायला नको. दुसरं, सर्व्हरवर ॲक्सेस लॉग नावाची फाईल असते, कोणी कधी काय मागितलं आणि काय लिहिलं त्याची ओळ न ओळ असते तिच्यात. भाच्याकडून पासवर्ड घ्या आणि एका दिवसाच्या ओळी इथे टाका, आयपी पत्ते काढून.

आता तुमच्या गेटचा गोंधळ. ब्राउझर किंवा ॲप सर्व्हरशी एचटीटीपीत, म्हणजे वेबच्या ठरलेल्या भाषेत, बोलतं, आणि त्या बोलण्यात प्रत्येक वेळी पहिला शब्द क्रियापद असतो. गेट म्हणजे "या पत्त्यावर जे आहे ते मला दाखव", वाचणं, बाकी काही हलवायचं नाही. पुट म्हणजे "या पत्त्यावर आता हे आहे", म्हणजे आधी तिथे काय होतं त्याची विचारपूस नाही, आधीचं गेलं आणि तुम्ही पाठवलेलं आलं. पोस्ट म्हणजे "हे घे आणि तुझ्या पद्धतीने काय करायचं ते कर", बहुतेक वेळा यादीत एक नवीन भर. डिलीट तर नावातच आहे. सर्व्हर उत्तरात तीन आकडी नंबर देतो, २०० म्हणजे ठीक, २०१ म्हणजे नवीन काहीतरी तयार झालं, २०४ म्हणजे काम झालं पण परत दाखवायला काही नाही, ४०४ सगळ्यांनाच माहीत असतो.

माझा अंदाज आहे पण लॉग बघितल्याशिवाय बोलणार नाही.

नौपाडा_आजोबा · रविवार सकाळी ६:४०

जाग लवकर येते म्हणून वाचलं. जरा मागचं सांगतो. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाईल वाचायची आणि लिहायची कशी याचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (इंटरनेटचे नियम ज्यात लिहितात त्या टिपणांना आरएफसी म्हणतात), एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या सुरुवातीच्या तुकडीतला माणूस, तेव्हा एमआयटीत होता. तेच पुढे एफटीपी झालं, ज्याच्यावर आमच्या पिढीने नोकऱ्या केल्या. म्हणजे वेबच्या आधी वीस वर्षं.

आणि वेबची गंमत अशी की टिम बर्नर्स-लीने १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत नेक्स्ट कंपनीच्या मशीनवर जो पहिला ब्राउझर केला तो एडिटरसुद्धा होता, पान वाचता वाचता तिथेच बदलता येत होतं. पण नंतर जे ब्राउझर घराघरात गेले ते फक्त वाचायचे. एचटीटीपीची अगदी पहिली आवृत्ती, जिला नंतर ०.९ म्हणायला लागले, तिच्यात एकच क्रियापद होतं, गेट. लिहिण्याचं सगळं मागाहून जोडत गेले. पुट आणि डिलीट आले तरी एचटीएमएल फॉर्मला आजही गेट आणि पोस्ट दोनच कळतात, बाकीचं करायचं तर जावास्क्रिप्ट लागतं.

घोडबंदर_रहिवासी · रविवार दुपारी १:२५

जेवायच्या आधी बसलो आणि आत्ता उठलो. कळवा_स्लो, तुम्हाला साष्टांग.

एकेक ओळ जुळवली. डायरीतले ५ टँकर ॲपमध्ये नाहीतच. आणि ॲपमध्ये ३ टँकर दोन-दोनदा आहेत, तीच गाडी, मिनिटाभराच्या फरकाने, दहा हजार लिटरचा टँकर काय मिनिटात भरून परत येतो का! ६३ वजा ५ अधिक ३, झाले ६१. म्हणजे दोन चुका एकमेकींना पाठीशी घालत होत्या आणि आम्ही दोनाच्या मागे लागलो होतो. चलनंही ६३ भरली.

लॉग मिळाला. वेळा साडेपाच तास मागे दिसत होत्या, ते लक्षात यायलाच अर्धा तास गेला. आपल्या वेळेत करून टाकतोय. ज्या दिवशी एक टँकर गायब आहे तो दिवस:

११:०२ गेट २०० (ऑफिस)
११:१७ पोस्ट २०१ (वॉचमनचा फोन)
११:४१ पुट २०४ (ऑफिस)

आणि ज्या दिवशी डबल आहे तो:

१६:०८ पोस्ट २०१ (वॉचमनचा फोन)
१६:०९ पोस्ट २०१ (वॉचमनचा फोन)

गायब झालेला टँकर ११:१५ चा आहे डायरीत.

ऐरोलीची_मी · रविवार दुपारी २:०३

अहो हे तर पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ उदाहरण आहे. वरच्या तीन ओळी पुन्हा वाचा. ११:०२ ला मॅनेजरनी अख्खी फाईल वाचली, समजा तिच्यात ४० नोंदी. फॉर्म उघडा ठेवून ते चहाला गेले असतील नाहीतर कोणी मेंटेनन्सचा चेक घेऊन आलं असेल. ११:१७ ला काकांनी ४१वी नोंद टाकली, सर्व्हर म्हणाला २०१, म्हणजे ती खरंच लिहिली गेली होती. ११:४१ ला मॅनेजरनी एका नोंदीवर खूण केली आणि सेव्ह दाबलं, त्यांच्या ॲपने ११:०२ वाली ४० नोंदींची फाईल खुणेसकट परत पुट केली. पुट काय म्हणतं? "इथे आता हे आहे." ४१वी गेली. कुठेही एरर नाही, कोणी खोटं बोललं नाही, सर्व्हरने दोघांनाही शाबासकी दिली.

याला लॉस्ट अपडेट म्हणतात. नवीन नाही, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने १९९९ मध्येच यावर एक टिपण काढलंय. उपायही एचटीटीपीतच आहे, फक्त तुमच्या भाच्याने वापरला नाही (नव्वद टक्के लोक वापरत नाहीत, हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण रागाने काढलाय).

उपाय असा. सर्व्हर गेटच्या उत्तरासोबत ईटॅग नावाचा हेडर (सोबत जोडलेली माहितीची ओळ) पाठवतो, म्हणजे त्या क्षणीच्या फाईलचा शिक्का. फाईल बदलली की शिक्का बदलतो. आता सेव्ह करताना ॲपने पुटसोबत इफ-मॅच हेडरमध्ये तोच शिक्का परत पाठवायचा, म्हणजे "मी वाचलं तेव्हा होता तोच शिक्का अजून असेल तरच लिही". दरम्यान काकांनी काही टाकलं असेल तर शिक्का जुळणार नाही आणि सर्व्हर ४१२ देऊन नकार देईल. मॅनेजरनी फाईल पुन्हा वाचायची आणि खूण पुन्हा करायची.

घोडबंदर_रहिवासी · रविवार दुपारी २:१५

म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढचा विषय घ्यायचा नाही, तसंच की हे.

ऐरोलीची_मी · रविवार दुपारी २:१७

करेक्ट. आणि तुमच्या मॅनेजरनी इतिवृत्त न वाचता ठराव मांडला.

महापे_शिफ्ट · रविवार दुपारी ३:५०

रात्रपाळी करून झोपलो होतो, उठून हे वाचतोय. गायब प्रकरण ताईंनी सोडवलंच, डबलवाला भाग मी घेतो.

१६:०८ ला काका कुठे उभे होते? पंप रूमजवळ ना, पोडियमच्या खाली? तिथे रेंजची बोंब असणार. फोनने पोस्ट पाठवलं, सर्व्हरने लिहून २०१ म्हटलं, पण ते उत्तर फोनपर्यंत पोचलंच नाही. फोनला वाटलं गेलं नाही, परत पाठवलं. किंवा काकांनीच पुन्हा बटण दाबलं, आपणही दाबलं असतं. नेटवर्कवर हा पेच कायमचाच आहे, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं, आणि झालं असंही नसतं.

म्हणून एचटीटीपीत क्रियापदांचे स्वभाव लिहून ठेवलेत, आत्ताचा दस्तऐवज आरएफसी ९११०, जून २०२२ चा. गेटने काही बदलू नये. पुट आणि डिलीट पुन्हा पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच्या इतकाच व्हावा. पोस्टला असं काही बंधन नाही. ठाण्याच्या टीएमटी बसमध्ये कंडक्टरला "एक स्टेशन" दोनदा म्हणा, दोन तिकिटं फाटतील, ते पोस्ट. बसच्या पाटीवर ठाणे स्टेशन दोनदा लिहिलं तरी बस स्टेशनलाच जाणार, ते पुट.

तर करायचं काय, काकांच्या फोननेच प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक द्यायचा, यूयूआयडी म्हणतात, १२८ बिटांचा आकडा असतो, दोघांचा सारखा यायची भीती धरायचं कारण नाही. आणि पोस्टऐवजी त्या क्रमांकाच्या पत्त्यावर पुट करायचं, प्रत्येक नोंद स्वतंत्र पत्त्यावर. दहा वेळा पाठवलं तरी नोंद एकच. यात एक खड्डा आहे, क्रमांक फॉर्म उघडताना बनवायचा, पाठवायचं बटण दाबल्यावर नाही, नाहीतर प्रत्येक दाबण्याला नवीन क्रमांक आणि पुन्हा डबल. हे मी स्वतः करून बसलोय एकदा, म्हणून सांगतो.

कळवा_स्लो · रविवार दुपारी ४:२२

महापे भाऊ, अजून एक खड्डा राहिला. समजा काकांचं पहिलं पुट पोचलं, मॅनेजरनी त्या नोंदीवर 'तपासलं' केलं, आणि मग काका रेंजमध्ये आले आणि फोनने अडकलेलं पुट पुन्हा पाठवलं. त्यात खूण नाही. म्हणजे मॅनेजरची खूण पुसली. गायब करणारा आता काकांचा फोन!

महापे_शिफ्ट · रविवार दुपारी ४:३१

हाण्ण. बरोबर पकडलंत. तर मग काकांच्या पुटसोबत इफ-नन-मॅच हेडर आणि त्यात नुसतं तारांकन, म्हणजे "या पत्त्यावर काहीच नसेल तरच लिही". दुसऱ्या खेपेला ४१२ येईल, आणि या ठिकाणी ४१२ म्हणजे आनंदाची बातमी आहे, आधीचं पोचलं होतं. फोनने काकांना लाल रंगात एरर दाखवू नये, 'नोंद झाली' म्हणावं.

खारघर_हिल · रविवार संध्याकाळी ६:१०

एवढा उपद्व्याप कशाला, वेबडॅव्ह वापरा ना सरळ, एचटीटीपीलाच जोडलेली फाईली लिहायची सोय आहे ती. लॉक नावाचं क्रियापदच आहे त्यात. मॅनेजरनी फाईल उघडली की लॉक, सेव्ह झालं की अनलॉक, मधे कोणी लिहायला गेलं तर ४२३ येतो. आम्ही आमच्या नाटक ग्रुपच्या संहिता वेबडॅव्हवरच ठेवतो.

ऐरोलीची_मी · रविवार संध्याकाळी ६:२६

आणि मॅनेजर लॉक लावून घरी गेले की? टँकर गेटवर उभा, मागे गाड्यांची रांग, आणि काकांच्या फोनवर ४२३. लॉकला मुदत असते हे मान्य, पण ती मुदत किती ठेवणार, पाच मिनिटं ठेवली तर चहात संपते, तासभर ठेवली तर काका अडकतात. लॉक बरा तो संहितेसारख्या लांब दस्तऐवजाला, जिथे दोघांचे बदल नंतर जुळवणं म्हणजे डोकेदुखी. टँकरची नोंद अर्ध्या मिनिटाचं काम. इथे आधी लिहू द्यायचं आणि भांडण झालंच तर ४१२ ने सोडवायचं.

नौपाडा_आजोबा · रविवार संध्याकाळी ७:०५

वेबडॅव्हला कमी लेखू नका ताई. १९९९ ची आरएफसी २५१८, मग २००७ मध्ये ४९१८. फोल्डर बनवणं, हलवणं, कॉपी, फाईलची माहिती विचारणं, हे सगळं एचटीटीपीवर त्याने आणलं. आज तुमच्या फोनचं कॅलेंडर कॅलडॅव्हने सिंक होत असेल तर ते वेबडॅव्हचंच पोर, फोनमधल्या संपर्कांसाठीचं कार्डडॅव्ह दुसरं. त्याच काळात ॲटम पब्लिशिंग प्रोटोकॉल आला, आरएफसी ५०२३, तोही २००७ चा. यादीला पोस्ट केलं की नवीन नोंद, नोंदीच्या स्वतःच्या पत्त्यावर गेट, पुट, डिलीट, म्हणजे तुम्ही आत्ता टँकरसाठी जे जमवताय जवळजवळ तेच. गूगलने जीडेटा त्याच्यावरच बेतलं होतं, मायक्रोसॉफ्टच्या ओडेटाची सुरुवातही तिथूनच. मग जेसन आलं आणि एक्सएमएल, म्हणजे ॲटमचा तो खुणांनी भरलेला मजकूर, लिहायचा सगळ्यांना कंटाळा आला. आता प्रत्येक जण आपापलं एपीआय (ॲपने सर्व्हरशी बोलायची रीत) करतो आणि प्रत्येक जण आपापली तीच चूक करतो.

खारघर_हिल · रविवार संध्याकाळी ७:४०

आजोबा माझ्या बाजूने बोलले, स्क्रीनशॉट काढून ठेवतोय. पण खरं सांगायचं तर विंडोजमधून वेबडॅव्ह जोडलं की ५० एमबीच्या वरची फाईल मुळातच उतरत नाही, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन मर्यादा वाढवावी लागते, तालमीच्या व्हिडिओच्या वेळी नाकी नऊ आले होते.

आणि मराठी लोकांसाठी खास दुखणं. आमच्याकडे 'दुसऱ्या अंकाची संहिता' नावाची फाईल फोल्डरमध्ये दोनदा दिसायची, नाव अक्षराला अक्षर सारखं. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी कळलं की ते 'ऱ' आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खा ऱ आणि दुसरा र अधिक नुक्ता. दिसायला एकच, बाइट वेगळे, आणि पत्त्यात बाइटच मोजले जातात. जुन्या मॅकची डिस्क नाव साठवताना तोडून ठेवायची, विंडोजवाल्याने टाइप केलेला अख्खा, म्हणून सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाईली. म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यावर, असं काही नावात आलं की सांभाळा. सर्व्हरवर नाव घेतानाच एका रूपात आणायचं, एनएफसी म्हणतात त्या रूपाला.

घोडबंदर_रहिवासी · रविवार रात्री ८:०२

आमच्याकडे 'तिसऱ्या विंगचा अहवाल' दोनदा दिसतो!!! मला वाटायचं मॅनेजर दोनदा सेव्ह करतात. बिचाऱ्यांना बोललोही होतो.

महापे_शिफ्ट · रविवार रात्री ८:०९

पत्त्यात मराठी नकोच राव. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि टक्के लावून लिहिलं की प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे 'ठाणे' एवढ्याशा शब्दाची छत्तीस अक्षरं होतात. चालतं सगळं, पण लॉग वाचताना डोळे जातात.

नेरुळ_पूर्व · रविवार रात्री ९:१५

चेष्टा पुरे, माझीही एक चूक सांगतो. आमच्या बिल्डिंगला पार्किंगच्या अर्जासाठी मी एक पान केलं होतं, त्यात 'मंजूर करा' ही नुसती लिंक होती, म्हणजे गेट. ती लिंक कमिटीच्या चॅट ग्रुपवर टाकली, "कृपया बघून मंजूर करा" म्हणून. टाकता क्षणी ॲपने प्रिव्ह्यू दाखवायला ती लिंक स्वतःच उघडली आणि अर्ज मंजूर. चेअरमनने बघायच्याही आधी गाडी लागली खाली.

कळवा_स्लो · रविवार रात्री ९:२४

😂 यात तुम्ही एकटे नाही. २००५ मध्ये गूगलचा वेब ॲक्सेलरेटर आला होता, पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा म्हणजे पुढचं पान लवकर दिसेल. ज्या ज्या वेब ॲपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती तिथे लोकांचा डेटा उडायला लागला, पानावरच्या सगळ्या लिंका तो इमानदारीत उघडत गेला. दोष कोणाला द्यायचा यावर तेव्हा बरीच भांडणं झाली, माझ्या मते लिंकवाल्यांचा. वाचताना काही बदलणार नाही या भरवशावरच तर सगळं चाललंय.

घोडबंदर_रहिवासी · पुढचा सोमवार, रात्री १०:४४

मंडळी, प्रगती आणि नवीन रडगाणं. भाच्याला धाग्याची लिंक पाठवली, तो लाजला बहुतेक, शनिवारी ठाण्याला आला आणि रात्रभर बसला. ईटॅग, इफ-मॅच, काकांच्या फोनवर क्रमांक, सगळं टाकलं. पुटसोबत शिक्का आलाच नाही तर ४२८ देतो, म्हणजे "आधी शिक्का दाखव", असंही केलंय. काकांकडून एकदम मस्त चाललंय.

पण मॅनेजरना प्रत्येक वेळी ४१२. प्रत्येक वेळी! आत्ता वाचलं, आत्ता सेव्ह, मधे कोणी नाही, तरी ४१२. भाचा रविवारी संध्याकाळच्या गाडीने गेला परत.

महापे_शिफ्ट · सोमवार रात्री ११:३०

शिफ्टवरच आहे. ॲपच्या पुढे एनजिनएक्स (मागणी आधी स्वतः घेऊन ॲपकडे देणारा वेब सर्व्हर) बसवलाय का? आणि गेटच्या उत्तरात येणारा ईटॅग जसाच्या तसा इथे टाका.

घोडबंदर_रहिवासी · मंगळवार सकाळी ७:५२

हो, एनजिनएक्स आहे म्हणाला भाचा. ईटॅगमध्ये अवतरण चिन्हाच्या आधी डब्ल्यू आणि तिरकी रेघ आहे. ती असावी का?

महापे_शिफ्ट · मंगळवार सकाळी ८:०५

तीच तर मेख! तुमच्या स्क्रिप्टने पक्का शिक्का दिला होता. मधे एनजिनएक्सने फाईल जीझिपने दाबून पाठवली, आणि दाबलेली फाईल बाइटला बाइट तीच राहत नाही म्हणून त्याने प्रामाणिकपणे शिक्क्याला डब्ल्यू लावला, म्हणजे कच्चा शिक्का, "साधारण हेच आहे" असं सांगणारा. मॅनेजरच्या ॲपने तो डब्ल्यूसकट परत पाठवला. इफ-मॅचला पक्का शिक्काच लागतो, कच्चा कधीच जुळत नाही, हे नियमातच आहे. म्हणून कायम ४१२. त्या एका पत्त्यापुरतं जीझिप बंद करा, फाईल एवढीशी आहे, काही बिघडत नाही.

कळवा_स्लो · मंगळवार सकाळी ८:४०

आणि भाच्याला विचारा की शिक्का तपासणं आणि फाईल लिहिणं हे एका दमात होतं का. तपासलं, मग मधे दुसऱ्याने लिहिलं, मग आपण लिहिलं, असं झालं तर इतकी मेहनत वाया. त्या दोन पायऱ्या मिळून सर्व्हरवर क्षणभराचा लॉक हवा. खारघरवाल्यांना सांगा, लॉक लागला शेवटी, पण चहाइतका लांब नाही.

खारघर_हिल · मंगळवार सकाळी ९:१०

वाचलं. स्क्रीनशॉट.

ऐरोलीची_मी · मंगळवार सकाळी ९:३३

एक फुकटचा फायदा पण घ्या. आता ईटॅग आहेच तर काकांच्या फोनने वाचताना शिक्का इफ-नन-मॅचमध्ये पाठवावा. काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ म्हणेल, यादी पुन्हा पाठवणार नाही. रिचार्ज काकांच्या खिशातून जातो ना?

घोडबंदर_रहिवासी · मंगळवार सकाळी ९:४१

हो, त्यांच्याच खिशातून जात होता. हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. आजपासून सोसायटीच्या खात्यातून.

घोडबंदर_रहिवासी · २ जुलै, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, मधे पाऊस, गळती, लिफ्ट, सचिवाचं आयुष्य. जीझिप बंद केल्यावर ४१२ थांबले, म्हणजे खरे तेवढेच येतात. जूनमध्ये टँकर थांबेपर्यंत ॲपमध्ये १९, डायरीत १९, चलनं १९, ओळीला ओळ. त्यात मॅनेजरना दोनदा खरा ४१२ आला, दोन्ही वेळा मधे टँकर आला होता. त्यांची तक्रार होती की ४१२ म्हणजे काय ते कळत नाही, भाच्याने आता तिथे 'तुम्ही उघडल्यानंतर नवीन नोंद आली आहे, पुन्हा उघडा' असं मराठीत टाकलंय.

मेच्या ६३ टँकरचे पैसे पूर्ण दिले. कमिटीच्या सभेत लॉगच्या त्या तीन ओळी छापून सगळ्यांना वाटल्या, आणि वॉचमनवर घेतलेला संशय चुकीचा होता हे इतिवृत्तात शब्दाने लिहून घेतलं. ज्यांनी आरोप केला होता ते म्हणाले की आपण तसं म्हणालोच नव्हतो. मागचं इतिवृत्त काढून वाचून दाखवलं. काका डायरी अजून लिहितात, मी बंद करा म्हटलं नाही.

पारसिक_बोगदा · २ जुलै, रात्री १०:०१

मी पहिल्याच प्रतिसादात वही म्हटलं होतं.